आठ रात्री, साठ हजार: व्हिएतनामचा बेत आखताना

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं व्हिएतनामबद्दल आहेत. म्हणून तोच देश मध्ये ठेवून उत्तरं दिली आहेत. पासपोर्ट, पैसे आणि सामान यांबद्दलचं बरंचसं थायलंड, मलेशियालाही लागू पडेल.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. माणशी साठ हजारांत आठ रात्रींचं व्हिएतनाम होईल का? दिवाळी झाली की निघावं म्हणतो. टूरबरोबर जायचं नाही. घरातून एकच प्रश्न येतो, 'आम्हले जमी का?' (अमळनेर)

जमेल. फक्त दिवाळी सोडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे हुए, दा नांग आणि होई आनला, मुसळधार पाऊस असतो. होई आनच्या जुन्या गावात नदीचं पाणी रस्त्यावर येतं. त्याच दिवसांत उत्तरेकडची हवा मात्र फार छान असते. त्यामुळे ज्यांना दिवाळीच्या सुट्टीतच जाणं भाग आहे, त्यांनी हनोईला उतरावं, उत्तरेतच फिरावं आणि हनोईहूनच परतावं. तुम्हाला शाळेची सुट्टी बघायची नाही, तेव्हा फेब्रुवारीची अखेर ते एप्रिलचा मध्य हा काळ घ्या. वर्षातले हेच दिवस असे, की उत्तर, मध्य आणि दक्षिण तिन्हीकडे हवा बरी असते. 'तेत' हे त्यांचं नववर्ष तेवढं टाळा. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात दुकानं, खानावळी बंद असतात आणि गाड्या भरलेल्या असतात. ३० एप्रिल आणि १ मे या त्यांच्या सुट्ट्यांनाही गर्दी उसळते.

आता हिशेब. आकडे माणशी आहेत, दोघांत एक खोली धरून. मुंबईहून जाऊन-येऊन विमान २६,०००. व्हिसा २,३००. साधी पण स्वच्छ खोली रात्रीला १,८०० रुपये, अशा सात रात्रींचे तुमच्या वाट्याला ६,३००. जेवणखाण नऊ दिवसांचं ७,२००. तिथल्या रेल्वे, बस, टॅक्सी मिळून ६,०००. नावा आणि प्रवेश तिकिटं ३,५००. विमा आणि सिमकार्ड १,५००. अमळनेर ते मुंबई जाणं-येणं २,५००. बेरीज ५५,३००. उरलेले ४,७०० खर्चात धरू नका, ते अडीअडचणीसाठी. यातला सर्वांत हलता आकडा विमानाचा. मार्चमधलं मधल्या वाराचं तिकीट आणि मे महिन्यातल्या शनिवारचं तिकीट यांत दहा हजारांचाही फरक पडू शकतो.

तिकीट घेताना जाण्याचं हनोईला आणि परतीचं दा नांगहून असं बघा, मग वाटेत एक थांबा घ्यावा लागला तरी चालेल. देश उभा आहे. हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. एका टोकाला उतरून त्याच टोकाला परत यायचं म्हणजे एक दिवस आणि एक भाडं फुकट. आठ रात्रींत दक्षिण धरूच नका.

रात्रींची वाटणी अशी : हनोई तीन, निन्ह बिन्ह एक, एक रात्र रेल्वेत, हुए एक, होई आन दोन. रेल्वेच्या रात्रीचं खोलीभाडं वाचतं, म्हणून वर सात रात्रीच धरल्या. हा लाँगची खाडी आणि निन्ह बिन्ह दोन्ही करण्याचा मोह होतो. दोन्हीकडे पाण्यातून उभे राहिलेले चुनखडीचेच डोंगर आहेत. हा लाँगला ते समुद्रात आहेत आणि मोठ्या बोटीतून बघायचे. निन्ह बिन्हजवळच्या त्रांग आनला ते संथ पाण्यात आहेत, आणि वल्ह्याच्या छोट्या नावेतून डोंगराच्या पोटातल्या गुहांतून आरपार जाता येतं. नावेचे सुमारे तीन तास आणि अडीच लाख डाँगच्या (डाँग हे तिथलं चलन) आसपास, म्हणजे नऊशेच्या आत रुपये. बेताच्या पैशात आम्ही निन्ह बिन्हच सुचवू.

निन्ह बिन्हहून हुएला रात्रीची रेल्वे आहे. चार बर्थचा डबा घ्या, सहा बर्थच्या डब्यात वरच्या बर्थवर बसतासुद्धा येत नाही. स्लीपर बस स्वस्त पडते, पण त्यातली जागा पाय लांब करायला अपुरी असते आणि वरच्या जागेवर शिडीने चढावं लागतं. गुडघे दुखत असतील तर तो विचार सोडा. हुए ते दा नांग हा टप्पा मात्र दिवसाच्या गाडीनेच करा आणि डाव्या बाजूची खिडकी मागा. हाय व्हान घाटात गाडी समुद्राच्या कडेकडेने जाते आणि समुद्र डावीकडे असतो. अडीच-तीन तासांचा हा प्रवास म्हणजे भाड्यात मिळालेलं स्थलदर्शन. होई आनला रेल्वे नाही, दा नांगहून ३० किलोमीटर टॅक्सीने जावं लागतं.

होई आनहून ४० किलोमीटरवर मी सोन आहे. चंपा या तिथल्या जुन्या राज्यातल्या शिवमंदिरांचा हा समूह चौथ्या ते तेराव्या शतकातला, विटांचा. १९९९ पासून तो जागतिक वारशात आहे, आणि आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे जीर्णोद्धाराचं काम केलं आहे. साक्री तालुक्यातली बलसाण्याची मंदिरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी ही चुकवू नयेत. सकाळी आठच्या आत पोहोचा. नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात.

प्रश्न : आई ५३ वर्षांची, सातवी शिकलेली. भाऊ ४१ वर्षांचा, नववी झालेला, शेती करतो. दोघांचे पासपोर्ट काढायचे आहेत. 'ईसीआर'चा शिक्का पडला तर परदेशात जाताच येत नाही, असं एजंट म्हणतो. खरं काय? (पारोळा)

जाता येतं. ईसीआर म्हणजे परदेशात नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागेल अशी नोंद. ती १८ ठरावीक देशांसाठी आहे. त्यांत आखाती देश आहेत, तसेच मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशियाही आहेत. पर्यटक म्हणून जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही. पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग कागदावर छापून हातात असू द्या, कारण ईसीआर पासपोर्ट दिसला की इमिग्रेशनचा अधिकारी चार प्रश्न जास्त विचारतो. व्हिएतनाम त्या १८ देशांत नाहीच.

आईंना ही अडचण येणारच नाही. वयाची ५० वर्षं पूर्ण झालेल्यांना शिक्षण कितीही असलं तरी ईसीआरमधून सूट आहे. अर्जात 'नॉन-ईसीआर' निवडा आणि वयाचा पुरावा जोडा. भावाला दहावीचं प्रमाणपत्र नसल्याने शिक्का पडेल. ते आयकर भरत असतील तर त्या पुराव्यावरही सूट मिळते.

३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे, तत्काळसाठी २,००० जास्त. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. आपल्याकडे बऱ्याच बायकांच्या कागदांवर नाव आणि नवऱ्याचं नाव असतं, आडनाव नसतं. तसाच अर्ज गेला की पासपोर्टवर सगळं 'गिव्हन नेम'मध्ये येतं आणि आडनाव कोरं राहतं. मग विमानाचं तिकीट काढताना फॉर्म अडतो, आणि नाव एकाच शब्दाचं असलेल्या पासपोर्टवर दुबईचा पर्यटक व्हिसा मिळत नाही. आधी आधार दुरुस्त करून घ्या, पासपोर्टचा अर्ज नंतर. उलट क्रमाने गेलात तर दोनदा फी पडेल.

प्रश्न : व्हिएतनामचा ई-व्हिसा घरी बसून भरता येतो का? एका साइटवर ८५ डॉलर दाखवतात. (चाळीसगाव)

ती दलालाची साइट आहे. सरकारी फी एका प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेक प्रवेशांसाठी ५० डॉलर. साइटचा पत्ता 'ईव्हिसा डॉट गव्ह डॉट व्हीएन' असाच हवा. शोधयंत्रात सर्वांत वर येतात त्या बहुतेक जाहिराती असतात, आणि त्यांचं रूप मुद्दाम सरकारी साइटसारखं ठेवलेलं असतं.

लागतं काय? पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानाचा स्वच्छ फोटो, खालच्या दोन ओळींसकट. चष्म्याविना काढलेला तुमचा फोटो. पहिल्या हॉटेलचा पत्ता. आणि परदेशी व्यवहार चालू केलेलं कार्ड. शेवटच्या पायरीवर पैसे अडकले तर नव्वद टक्के वेळा कारण हेच : बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतो.

अर्ज बाद होतो किंवा विमानतळावर खोळंबा होतो तो नावामुळे आणि तारखेमुळे. नाव आधारवर कसं आहे ते विसरा, पासपोर्टवर जसं आहे तसं, त्याच क्रमाने, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासह भरा. व्हिसा सुरू होण्याची तारीख उतरण्याच्या आदल्या दिवसाची टाका. विमान लवकर पोहोचलं किंवा तारखेत तुमची गफलत झाली तरी निभावतं. उतरण्याचा विमानतळ नीट निवडा. फी परत मिळत नाही, म्हणून चुकलेला अर्ज म्हणजे दुसरे २५ डॉलर.

नियमाप्रमाणे तीन कामाचे दिवस लागतात. तुम्ही १५ दिवस धरा. व्हिसा हाती आला की लगेच पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा आणि दोन प्रती छापा. मोबाइलमधली प्रत पुरेशी धरू नका. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी.

प्रश्न : विमान रात्री १२.४० चं, मुंबईहून. तळोद्याहून कधी निघावं? (तळोदा)

आधी तारीख बघा. तिकिटावर १२ मार्च, रात्री १२.४० असेल तर तुम्ही ११ मार्चला संध्याकाळी विमानतळावर हवे. बारा तारखेच्या रात्री पोहोचणारी कुटुंबं दरवर्षी सापडतात, आणि त्या तिकिटाचे बहुतेक सगळे पैसे बुडतात.

परदेशी विमानाचं काउंटर उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होतं. तीन तास आधी पोहोचायचं ठरवा, आणि रेल्वेची वेळ त्याच्याही तीन-चार तास आधीची धरा. म्हणजे १२.४० च्या विमानासाठी गाडी संध्याकाळी पाच-सहाला मुंबईत हवी. शेवटची गाडी कधीच नको. नंदुरबारकडून सुरतमार्गे येणाऱ्यांना पश्चिम रेल्वेवर बोरिवलीला उतरणं सोयीचं, तिथून विमानतळ जवळ आहे. भुसावळ-जळगावकडून येणाऱ्यांनी कल्याणऐवजी ठाण्याला उतरावं, रस्त्याचं अंतर निम्म्यावर येतं. धुळ्याहून गाडीने निघणाऱ्यांनी कसारा घाट आणि भिवंडीची कोंडी यांसाठी दोन तास वेगळे ठेवावेत.

तुम्हाला आणखी एक वाट आहे. अहमदाबादहून व्हिएतनामला थेट विमानं आहेत आणि तळोद्याच्या माणसाला सुरत-अहमदाबाद मुंबईपेक्षा अवघड नाही. दोन्हीकडची भाडी ताडून मगच तिकीट काढा.

प्रश्न : रोख किती न्यावी? एक लाख रुपये भारतीय नोटांत नेले तर तिथे बदलून मिळतात का? (धुळे)

भारतीय चलन २५,००० रुपयांपर्यंतच देशाबाहेर नेता येतं. शिवाय व्हिएतनाममध्ये रुपया बदलून घेणारा सहजी सापडत नाही. डॉलर न्या. परकीय रोख एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत चालते, तुम्हाला माणशी ३०० पुरे. १०० च्या कोऱ्या नोटा घ्या. घडी पडलेली, शाई लागलेली किंवा कोपरा फाटलेली नोट तिथे परत करतात.

बाकी पैसे कार्डावर, आणि इथे जाणकारही फसतात. फॉरेक्स कार्डात डॉलर भरता येतात, डाँग भरता येत नाही. त्यामुळे प्रत्येक व्यवहारात डॉलरचं डाँग होताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास कापले जातात. त्यापेक्षा परदेशी व्यवहारावर जादा आकार न लावणारं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड निवडा. एटीएम किंवा दुकानाचं यंत्र 'रुपयांत पैसे द्यायचे का' असं विचारेल. नाही म्हणा आणि डाँग निवडा. रुपये निवडले की दर यंत्रवाला ठरवतो.

हिशेबाची युक्ती : एक लाख डाँग म्हणजे सुमारे साडेतीनशे रुपये. शेवटची तीन शून्यं झाकून साडेतीनने गुणा. २० हजार आणि ५ लाखाची नोट, दोन्ही निळ्या. अंधारात टॅक्सीवाल्याला ७० रुपयांऐवजी साडेसतराशे जातात. ५ लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

प्रश्न : आम्ही कांदा-लसूणही खात नाही. आठ दिवस काय खायचं? घरून काय नेता येईल? (फैजपूर)

तुम्ही समजता त्यापेक्षा सोपं आहे, फक्त शब्द माहीत हवा. तिथे शाकाहाराला 'चाय' म्हणतात, उच्चार आपल्या चहाच्या चायसारखाच. (चहाला तिथे 'त्रा' म्हणतात, म्हणून चहा मागताना गोंधळ करू नका.) पाटीवर सी, एच, ए, वाय ही चार अक्षरं दिसली की ती शाकाहारी खानावळ. ही परंपरा बौद्ध मठांची आहे, आणि कडक बौद्ध चाय जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक चाय खातात, त्या दिवशी या खानावळींत जागा मिळणं कठीण. 'तोय आन चाय', म्हणजे मी शाकाहारी खातो, हे वाक्य व्हिएतनामी लिपीत मोबाइलवर साठवून ठेवा. बोलून दाखवण्यापेक्षा दाखवून काम लवकर होतं, त्यांच्या भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो.

साध्या खानावळीत मात्र 'नुसती भाजी' मागून भागत नाही. माशाचं पाणी, न्वक माम, मिठासारखं वापरतात आणि ते मांस समजलं जात नाही. म्हणून पाटी बघूनच आत जा.

घरून दुधातल्या दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या, शेंगदाण्याची चटणी, केळीचे वेफर्स आणि मेतकूट न्या. खोलीत पाणी तापवायची किटली बहुधा असते. लोणचं चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत ते द्रव समजून काढून घेतात. खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवा. तेलामुळे सुकं खोबरं आपोआप तापू शकतं, म्हणून विमानात बंदी आहे. पॉवर बँक उलट हातातल्याच बॅगेत लागते. २०,००० एमएएचची चालते. विमान सिंगापूर किंवा दुबईमार्गे असेल तर मसाल्यात खसखस आहे का ते तपासा, दोन्हीकडे ती बंदीच्या यादीत आहे. सिंगापूरला खायची तंबाखूही नेता येत नाही.

प्रश्न : दा नांगला बाइक भाड्याने घेऊन घाट करायचा आहे. जळगाव आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढला आहे. चालेल ना? (जळगाव)

नाही. दुकानदार बाइक देईल, परवाना विचारणारही नाही, आणि तिथेच धोका आहे. आंतरराष्ट्रीय परवाने दोन करारांखाली निघतात, १९४९ चा आणि १९६८ चा. भारताचा परवाना १९४९ च्या करारातला, व्हिएतनाम मानतो १९६८ चा. म्हणून ५० सीसीच्या वरची बाइक चालवताना तुम्ही कायद्याच्या नजरेत विनापरवाना असता. पोलिसांनी अडवलं तर दंड. अपघात झाला तर प्रवासी विमा दवाखान्याचं बिल भरायला नकार देतो, आणि ते बिल लाखांत जातं. दारूबाबत तिथे मर्यादा शून्य आहे, एक बिअरही नाही. हाय व्हान घाटासाठी चालकासकट बाइक मिळते, तुम्ही मागे बसा. थायलंडला मात्र तुमचा हाच परवाना चालतो.

प्रश्न : शहरात फिरायचं कसं? भाषा येत नाही. (शहादा)

'ग्रॅब' हे टॅक्सी बोलावण्याचं अ‍ॅप घरूनच मोबाइलवर घ्या आणि इथेच नोंदणी करा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो. तिथे पोहोचून सिम बदललं की तो येत नाही आणि माणूस विमानतळाबाहेर अडकतो. भाडं आधी दिसतं, रोखीत देता येतं, पत्ता बोलावा लागत नाही. एकट्याला बाइक टॅक्सी सर्वांत स्वस्त, हेल्मेट तेच देतात. भारतीय सिम दुसऱ्या खाचेत चालू ठेवा, रोमिंगवर फक्त एसएमएससाठी, डेटा बंद. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

हनोईच्या नोई बाय विमानतळावरून ८६ क्रमांकाची बस जुन्या भागाजवळून रेल्वे स्टेशनपर्यंत जाते, तासाभरात. भाडं ४५,००० डाँगच्या आसपास. पहाटे पोहोचलात तर खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही, पण हॉटेलवाले सामान ठेवून घेतात. तोंड धुऊन जुन्या भागाजवळच्या तळ्याकडे फिरायला निघा. घड्याळ दीड तास पुढे करा.

रस्ता ओलांडताना दुचाक्यांचा लोंढा थांबेल म्हणून वाट बघू नका, तो थांबत नाही. मोटार किंवा बस नाही ना ते बघा, पाऊल टाका आणि एकाच संथ चालीने चालत राहा. दुचाकीवाले तुमची चाल बघून बाजूने जातात. धावलात किंवा मध्येच मागे सरलात की त्यांचा अंदाज चुकतो आणि तेव्हाच धडक बसते.